भाव सर्वांस ठाऊक झाल्यावर
लातूरच्या बाजार समितीत ज्या अडत्याच्या पेढीवर दूरध्वनी असे आणि दूरच्या पेठांतील तेजीमंदी ज्याला ट्रंककॉलने इतरांआधी कळे, त्याच्या हाती एके काळी व्यापाराचे अमोघ साधन होते. आज तोच भाव नांदेडच्या शेतकऱ्याच्याही खिशातील मोबाइलवर उमटतो. निकोलस कार या अमेरिकन लेखकाने २००३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हेच प्रतिपादिले होते, की रेल्वे आणि वीज यांप्रमाणे संगणकविद्याही सर्वांना सुलभ झाली, म्हणजे तिच्यायोगे कोणा एकास वरचढ होता येत नाही. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ई-नाम या ऑनलाइन बाजारपेठेचा हेतूही भाव सर्वांसमोर उघड करावा, हाच आहे.

कार यांचे म्हणणे साधनापुरते मला मान्य आहे; परंतु हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची आर्द्रता बारा टक्क्यांच्या आत लागते, आणि परतीच्या पावसात भिजलेला माल वाळवण्यास ज्याच्यापाशी खळे नाही, साठवण्यास गोदाम नाही आणि सावकाराचा तगादा ज्याच्या दारी उभा आहे, त्याला चढा भाव केवळ दिसतो, पदरात पडत नाही. माल तारण ठेवून ज्याला उचल मिळते, त्यालाच मोबाइलवरील आकडा पाहून थांबता येते.