आरोप सिद्ध होण्याआधीची शिक्षा

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. गुरुजी तेव्हा परकीय सरकारने ठोठावलेली शिक्षा भोगत होते. गुन्हा कोणता ठरला आणि सुटका साधारण कधी, एवढे तरी त्यांना माहीत होते. बेचाळीस वर्षांनी, स्वतंत्र भारतात, नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखालचे बंदी येऊ लागले, तेव्हा त्यांना तेवढेही कळण्याची सोय नव्हती. प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे हे तेव्हाचे तरुण कार्यकर्ते याच तुरुंगात होते. २५ जून १९७५ला आणीबाणी पुकारली गेली आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला: स्थानबद्ध केलेल्याला कारण सांगण्याचे बंधन सरकारवर राहणार नाही. शहा आयोगाच्या अहवालानुसार त्या काळात महाराष्ट्रात ५,४७३ माणसे मिसाखाली आणि ९,७९९ माणसे भारत संरक्षण नियमांखाली आत टाकली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दार बंद केले. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते.

या साऱ्याचा दोष आपण एका पंतप्रधानांच्या माथी मारून मोकळे झालो. पण मिसा हा कायदा १९७१चा, म्हणजे आणीबाणीच्या चार वर्षे आधीचा, आणि रीतसर संसदेने केलेला. राज्यकर्ता बदलला तरी हत्यार तसेच राहते, आणि हक्कांसाठी भांडणाऱ्यांवर ते पहिल्यांदा चालते, कारण सरकारला अडचणीचे प्रश्न तेच विचारतात. हे ओळखूनच जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्याची संघटना, म्हणजे आजची ‘पीयूसीएल’, उभी राहिली. तिची धुरा वाहिली ती सासवडच्या वि. म. तारकुंडे यांनी. या संघटनेच्या पदाधिकारी सुधा भारद्वाज यांना २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाली. मिसा तोवर कधीच रद्द झाला होता. या वेळचा कायदा यूएपीए, १९६७चा, पुढे अनेकदा कडक केलेला.

आता न्यायालये उघडी आहेत, आरोपपत्र हातात मिळते, मग तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. फरक आहेच, आणि तो लहान नाही. पण या कायद्यात आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, आणि सकृद्दर्शनी म्हणजे बहुतांशी पोलिसांच्या कागदांवरून. पुराव्याची खरी पारख खटल्यात व्हायची, आणि खटला उभाच राहत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणातच जून २०१८ मध्ये पकडलेल्या सुधीर ढवळे आणि रोना विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तोवर आरोपही निश्चित झाले नव्हते. याच प्रकरणातले, झारखंडच्या आदिवासींसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी कच्चे कैदी म्हणूनच जुलै २०२१ मध्ये वारले, वयाच्या ८४व्या वर्षी. निर्दोष असेल तो सुटेल, हे म्हणणे त्यांच्यापुढे काय टिकणार? याच कायद्याखाली, पण दुसऱ्या प्रकरणात पकडलेले प्रा. साईबाबा सुटलेही, पण पहिली अटक २०१४ची, उच्च न्यायालयाची निर्दोष मुक्तता मार्च २०२४ची, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मृत्यू.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. या सगळ्यांवरचा आरोप नक्षलवाद्यांशी संबंधांचा, आणि नक्षली हिंसा काल्पनिक नाही. १ मे २०१९ला गडचिरोलीतल्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. त्यांचे मारेकरी सापडलेच पाहिजेत. पण त्यासाठी वकील, प्राध्यापक, पाद्री वर्षानुवर्षे खटल्याविना आत ठेवून तपासाला कोणते बळ मिळते? आरोप खरा असेल तर लवकर खटला चालवण्यात सरकारचेच हित आहे. विलंब सोयीचा वाटतो तो पुरावा लंगडा असेल तेव्हा.

भीमा-कोरेगावच्या अटका झाल्या त्याच २०१८ साली महाराष्ट्र सरकारने आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू केले, महिनाभराहून अधिक काळ आत राहिलेल्यांना १० हजार रुपये. २०२५ मध्ये ते दुप्पट झाले. देशाला धोका म्हणून ज्यांना धरले होते, तेच लोकशाहीचे रक्षक होते, असे सरकारने यातून कागदोपत्री मान्य केले आहे.