इंजिनाच्या उष्णतेचा साक्षीदार

जुनी मोटार एकाएकीं अधिक पेट्रोल पिऊं लागली, काळा धूर सोडूं लागली किंवा सकाळीं सुरू होईनाशी झाली, म्हणजे घरांतील मंडळी चिंतेंत पडतात. दोष नेमका न शोधतां एकामागून एक भाग बदलीत गेल्यास खर्च मात्र वाढतो आणि मोटार पहिल्यासारखीच अडून बसते. अशा वेळीं ज्याच्याकडे आधीं पाहावें, असा एक अंगठ्याएवढा भाग इंजिनांत असतो. तो म्हणजे इंजिनांत खेळणाऱ्या पाण्याचें उष्णमान सांगणारा सेन्सर होय. त्याची परीक्षा कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

थंड इंजिनांत पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं. म्हणून आरंभीं हवेच्या मानानें पेट्रोल जास्त द्यावें लागतें, व इंजिन तापलें कीं तें कमी करावें लागतें. कार्ब्युरेटरच्या मोटारींत हें काम चोक करीत असे. पुढें इंजेक्शनच्या मोटारी आल्या. बॉश ह्या जर्मन कंपनीची १९७४ च्या सुमारास प्रचारांत आलेली एल-जेट्रॉनिक योजना त्यांपैकींच एक होय. तींत पेट्रोलचें प्रमाण विजेवर चालणारा एक नियंत्रक ठरवितो. परंतु इंजिन थंड आहे कीं गरम, हें त्या नियंत्रकाला स्वतः कळत नाहीं. सेन्सर जें सांगेल तें खरें मानूनच तो चालतो.

धातूच्या तारेचा विद्युत्-रोध उष्णतेनें वाढतो, हें विद्यार्थी शाळेंत शिकतात. सेन्सरमधील अर्धवाहक पदार्थाचें वर्तन ह्याच्या उलट असतें. तो तापला कीं त्याचा रोध घटतो. बॉशच्या पुष्कळ सेन्सरांत हा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारें २,५०० ओहम, तर ८० अंशांना अवघा ३२० ओहमांच्या आसपास असतो. ह्यावरून लक्षणांचा उलगडा होतो. रोध सदैव अधिक राहिला, तर नियंत्रकाला इंजिन थंडच वाटतें व तो पेट्रोल ओतीत राहतो. मग धूर निघतो आणि प्लगांवर काजळी धरते. रोध सदैव कमी राहिला, तर इंजिन तापलेलेंच आहे असा त्याचा समज होतो, आणि पहाटेच्या गारठ्यांत इंजिनाला पुरेसें पेट्रोल मिळत नाहीं.

परंतु एवढ्यावरून सेन्सर दोषी ठरविणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय. परीक्षा क्रमानें करावी. प्रथम इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असून सेन्सरभोंवतीं हवा सांचली असेल, तर बिचारा सेन्सर तरी खरें काय सांगणार? थर्मोस्टॅट उघडाच अडकला असल्यास इंजिन खरोखरच थंड राहतें. तेथेंही सेन्सर निर्दोष असतो. नंतर किल्ली बंद करून सेन्सरचा जोड काढावा. आंत हिरवट गंज दिसल्यास तो साफ करावा. कारण गंजानेंही रोध वाढतो व नियंत्रक फसतो.

मग मल्टिमीटरनें सेन्सरचा रोध मोजावा. शक्य असल्यास सेन्सर काढून त्याचें टोंक पाण्याच्या भांड्यांत बुडवावें, शेजारीं थर्मामीटर ठेवावा, आणि पाणी हळूहळू तापवीत दर दहा अंशांना आंकडा लिहून घ्यावा. आंकडे एकसारखे उतरत जाऊन मोटारीच्या पुस्तकाशीं जुळले, तर सेन्सर ठीक समजावा. शेवटीं सेन्सर पुन्हां जोडून नियंत्रकाकडील जोड काढावा व त्या टोंकाकडून तोच रोध मोजावा. तेथें आंकडा फार निराळा आला, तर दोष वाटेंतील तारेंत आहे. समोरच्या फळीवरील उष्णतेच्या कांट्यावर मात्र विसंबूं नये. पुष्कळ मोटारींत त्याचा सेन्सर वेगळा असतो.

अमेरिकेंत १९९६ सालच्या मोटारींपासून दोषाचा सांकेतिक आंकडा वाचण्याची एकच पद्धति सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या बहुतेक मोटारींना ती सोय नाहीं. शिवाय असा आंकडाही कोणत्या मंडलांत दोष आहे एवढेंच सांगतो. सेन्सर कीं तार, हें मोजूनच ठरवावें लागतें.

विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालीं व उघड्या जागींच करावें. बंद खोलींत चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वायु वास न येतां प्राण घेतो, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडल्यास उकळतें पाणी अंगावर उडतें.

संशयावरून निकाल देणें सोपें असतें. पण पेन्सिल, कागद व मापक घेऊन तासभर बसलें, तर निरपराध भाग कचऱ्यांत जात नाहीं आणि घरचा पैसाही वांचतो.