अंधाराचे मोल

अंधार म्हणजे दूर सारावयाची वस्तू, हीच आपली पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर मात्र तो जतन करण्याचा एक स्तुत्य प्रयोग चालू आहे. लेहपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरील हानले येथे, ४५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या आरशाची चंद्रा दुर्बीण २००० साली प्रथम आकाशाकडे वळली. हिमालय पावसाळी ढग अडवितो, म्हणून येथील हवा कोरडी. त्यात वस्ती विरळ. परिणामी आकाशगंगेचा पट्टा येथे नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने वेधशाळेभोवतीचा हजाराहून अधिक चौरस किलोमीटरांचा प्रदेश अंधारासाठी राखीव ठेवला. परिसरातील चोवीस स्त्री-पुरुषांना आकाशदर्शनाचे शिक्षण व दुर्बिणी देण्यात आल्या. शनीची कडी पाहुण्यांना दाखवून आज ही मंडळी चार पैसे मिळवितात. शास्त्र आणि पोटापाण्याचा उद्योग यांची अशी सांगड आपल्याकडे क्वचितच पाहावयास मिळते.

तथापि यातच एक पेच दडलेला आहे. जो प्रवासी अंधार पाहावयास येतो, तोच आपल्यासोबत उजेड घेऊन येतो. अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो; मोटारीचा एक झोत ती सारी तयारी क्षणात धुऊन टाकतो. हीच गर्दी उद्या झगमगणाऱ्या हॉटेलांना निमंत्रण देईल. मग खिडक्यांना जाड पडदे लावून, दिव्यांना झाकणे घालून राहणारा गावकरी विचारील : आम्हीच का अंधारात बसावे? त्याच्या या प्रश्नाला कोणत्याही अधिसूचनेत उत्तर सापडणार नाही.

आमच्या मते उपाय एकच. पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा असावी, त्यांचा मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी व्हावा आणि मिळकतीचा मोठा वाटा तेथेच राहावा. अंधारावर ज्याची चूल पेटते, तोच त्याची राखण करील.

महाराष्ट्रालाही या विचाराची निकड आहे. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण मान्यता मिळविण्यापेक्षा ती टिकविणे कठीण. मुंबई-पुण्याच्या मुलांना आकाशगंगा केवळ पुस्तकातच भेटते. ती आपण दिव्यांच्या मोबदल्यात केव्हाच देऊन बसलो. जेथे ती अद्याप शिल्लक आहे, तेथे तरी हा सौदा पुन्हा होऊ नये.