समुद्राची चव एकच!

तुर्भ्याहून चैत्यभूमीला निघालेले कुटुंब वाशीला गाडी बदलते. लोकल खाडीपुलावर आली की मुले खिडकीशी धावतात. पुढे दादरला उतरून बाबासाहेबांना वंदन करून बाहेर आले, की समोर अथांग समुद्र! 'एवढ्या पाण्याखाली काय आहे?' असा प्रश्न मुले हमखास विचारतात. आपण 'मासे' म्हणतो आणि पुढे चालू लागतो. आमच्या कुटुंबीय वाचकांना याहून चांगले उत्तर देता यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्याखाली काय आहे, हे शोधण्यासाठीच काही जहाजे समुद्रावर जातात. गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 साली स्थापन झाली. तिचे 'गवेषणी' हे जहाज 1976 साली कामाला लागले. 26 जानेवारी 1981 रोजी याच जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून बटाट्यासारखे काळे धातूचे गोळे वर काढले. त्यात मँगनीज, तांबे, निकेल असते. 1983 साली 'सागरकन्या' हे सुमारे 100 मीटर लांबीचे मोठे जहाज आले. विशेष म्हणजे, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 1981 साली डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली, तो दिवस होता 6 डिसेंबर!

जहाजावरची पाळी

समुद्रावर रविवार नसतो. एमआयडीसीतल्या कारखान्याप्रमाणेच तिथेही पाळ्या असतात. मध्यरात्री ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबते. लांबट नळ्या गोल मांडलेली एक चौकट पोलादी दोराने खाली सोडतात. तिला जोडलेले यंत्र पाण्याचा खारटपणा, तापमान आणि खोली नोंदवीत जाते. 4000 मीटर खाली जाऊन वर यायला दोन-अडीच तास लागतात. वर येताना निरनिराळ्या खोलीवर एकेक नळी बंद होते आणि त्या-त्या थराचे पाणी वर येते. मग ते बाटल्यांत भरायचे, त्यातला प्राणवायू मोजायचा, वहीत नोंद करायची. हे होईपर्यंत जहाज पुढच्या ठिकाणी निघालेले असते.

पहिले काही दिवस उलट्या आणि चक्कर. ताट सरकू नये म्हणून टेबलाला कडा असतात. चौकटीबरोबर थर्माकोलचा पेला बांधून खाली सोडण्याची गंमतही करतात. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे वर येतो तेव्हा तो पेला भातुकलीतल्या पेल्याएवढा झालेला असतो!

याचा आपल्याला काय उपयोग?

आपल्यातल्या अनेकांचे आईवडील 1972 च्या दुष्काळात मराठवाडा सोडून मुंबईकडे आले. तो पाऊस येतो कोठून? समुद्राच्या उष्णतेतून आणि बाष्पातून. 1999 साली 'सागरकन्या' बंगालच्या उपसागरात भर पावसाळ्यात उभी राहिली ती हेच मोजण्यासाठी. समुद्र किती तापला हे कळल्याशिवाय पावसाचा अंदाज सुधारत नाही आणि अंदाज चुकला तर पहिला फटका कोरडवाहू शेतकऱ्याला आणि शेतमजुराला बसतो.

जहाजावर ऐकीव गोष्टीला किंमत नाही. पाणी वर काढा, मोजा, मग बोला. आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे 'या आणि पाहा', ते याहून वेगळे काय?

तथागतांनी धम्माला समुद्राची उपमा दिली. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, तशी संघात जात उरत नाही. आणि समुद्राची चव सगळीकडे एकच. आता विज्ञान काय म्हणते पाहा. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांचे पाणी गोळा केले. डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातले 77 नमुने तपासले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त; पण त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच निघाले!

अशा समुद्राला रूढीने मात्र कुंपण घातले. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, हीच ती सिंधुबंदी. पाण्यालाच शिवू न देणाऱ्या त्या रूढीला न जुमानता 1913 साली बाबासाहेब जहाजाने अमेरिकेला गेले आणि ज्ञान घेऊन परतले. पुढे 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या स्त्रियांत त्या पहिल्या.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. मुलगी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेते म्हणाली, तर 'पुढे काय मिळणार?' म्हणून तिला अडवू नका. एम.एस्सी.नंतर संशोधनाची वाट उघडते. या संस्थेचे मुंबईतही, अंधेरीला, प्रादेशिक केंद्र आहे. जहाजावर शास्त्रज्ञांपेक्षा खलाशी, इंजिनवाले, वायरमन, स्वयंपाकी यांचीच संख्या जास्त. तेव्हा दहावी किंवा आयटीआय झालेल्या मुलांनीही या वाटेची चौकशी करावी. मात्र प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला शिपिंग महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणा एजंटाच्या हाती कष्टाचा पैसा देऊ नका. तिथेही एहिपस्सिको!

पुढच्या वेळी खाडीपुलावर मुलाने प्रश्न विचारला, तर त्याला गप्प करू नका. त्याला म्हणा, 'बाळा, शीक आणि तूच जाऊन पाहा.'

जयभीम!