सी लिंकवरची मुंबई आणि सोमवारची मुंबई

परवा ताईने फोनवर विचारलं, "मुंबई नकोशी झाली म्हणून साताऱ्याला गेलीस ना? मग दर जानेवारीत मॅरेथॉनचे फोटो काय बघत बसतेस?" प्रश्न बरोबर आहे, आणि आजचा भाग त्यावरच.

मी मुंबई मॅरेथॉन तीनदा धावले, शेवटची २०२३ मध्ये. जानेवारीतला रविवार. त्या दिवशी धावणाऱ्यांसाठी कल्याणहून पहाटे ३ च्या सुमारास खास लोकल सुटते. डोंबिवलीला चढले तर चक्क खिडकी मिळाली! इतकी वर्षं त्याच स्टेशनवरून ऑफिसला गेले, खिडकी कधी बघितली नव्हती.

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. सीएसएमटीहून अंधारात निघायचं, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, आणि मग सी लिंक. एरवी तिथे पायी जायला बंदी, दुचाकीलासुद्धा. त्या सकाळी मात्र पूल आपला. हॉर्न नाही, फक्त हजारो बुटांचा थप थप आवाज आणि खाली समुद्र. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो.

परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरच्या पुढे पेडर रोडचा चढ येतो. एरवी गाडीतून तो जाणवतही नाही. पण लांब धावताना शरीर साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर चालतं, आणि तो साठा बहुतेकांचा ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतो. नेमका तेव्हाच चढ, वर दमट ऊन. आणि नेमकी तेव्हाच एखादी आजी मीठ लावलेली संत्र्याची फोड पुढे करते, छातीवरच्या बिबवरचं नाव वाचून ओरडते, "चल गं, आता थोडंच राहिलं!" थोडं नसतंच. पण पाय चालतात.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे लागू पडते. एखादा अनुभव आठवताना आपण त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांना जास्त वजन देतो. किती वेळ गेला, याला फारसं नाही. म्हणून मला सी लिंक आठवतो, ती संत्र्याची फोड आठवते, गळ्यातलं मेडल आठवतं. रोज लोकलमध्ये गेलेले तीन तास आठवत नाहीत.

२०२३ चा सोमवार मात्र आठवतो. मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उलटा उतरले. डब्यात कडीला लटकलेली, मागून आवाज, "ओ मॅडम, पुढे सरका ना!" आदल्या दिवशी अनोळखी माणसं नावाने हाक मारत होती. बाविसाव्या वर्षी मला हेच हवं होतं बरं का, कुणी ओळखत नाही अशी गर्दी. तिशी ओलांडल्यावर तीच गर्दी जड व्हायला लागली. मुंबई तशीच होती, बदलले मी.

म्हणजे ताई, मला आठवण येते ती वाहनं थांबवलेल्या मुंबईची. ती वर्षातून एका सकाळी असते, तेवढ्यासाठी भाडं भरत राहणं परवडत नाही.

आता सराव यवतेश्वरच्या घाटात होतो. त्याच्यापुढे पेडर रोड म्हणजे स्पीड ब्रेकर! यंदा नाव नोंदवलंय. शनिवारी रात्री ताईकडे डोंबिवलीला, रविवारी धावायचं, आणि संध्याकाळच्या एसटीचं परतीचं तिकीट काढून झालंय.