घरकाम शिकण्याचें वय

वर्धा जिल्ह्यांत पुलगांवला लागूनच नाचणगांव आहे. तेथील मुलें बारावीची परीक्षा उतरलीं, कीं पुढील शिक्षणासाठीं वर्धा, नागपूर, अमरावती किंवा थेट पुण्याची वाट धरतात. निघतांना सामानांत कपडे, पुस्तकें आणि आईनें दिलेला जवसाच्या चटणीचा डबा असतो. भाड्याच्या खोलींत बिऱ्हाड मांडल्यावर पहिल्या आठवड्यांतच त्यांस कळून येतें, कीं गणितांत आणि रसायनांत उत्तम गुण मिळविलेल्या आपणांस तुरीची डाळ शिजवितां येत नाहीं, पांढरा सदरा धुतां येत नाहीं आणि एका माणसास महिन्याचें तेल किती लागतें हें सांगतां येत नाहीं. ही उणीव कांहीं एका गांवाची नव्हे. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतूनहि ती तितकीच आढळते. परंतु नाचणगांवापासून सुमारें 40 किलोमीटरवर, सेवाग्राम येथें, या प्रश्नाचा जितका मुळापासून विचार झाला तितका देशांत क्वचितच कोठें झाला असेल. म्हणून या विषयाची चर्चा वर्धा जिल्ह्यापासून आरंभणें योग्य होईल.

घरकाम मुद्दाम शिकवावें काय, असें विचारलें तर बहुतेक वडील मंडळी सांगतात, कीं अंगावर पडलें म्हणजे सारें येतें. यांत तथ्य अर्धेंच आहे. अंगावर पडतें तेव्हां कांहीं जण शिकतात. पुष्कळ जण मात्र खाणावळीचा डबा लावतात, कपडे सुट्टीच्या गाठोड्यांत घरीं नेतात आणि पुढें विवाह झाल्यावर तेंच गाठोडें दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं देतात. काम नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्याच्या दिवसांतून वजा होतें. केंद्र सरकारनें 2019 सालीं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तींत दिवसभरांत घरचें बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया शेंकडा 81 आणि पुरुष शेंकडा 26 आढळले. जे करीत होते त्यांतहि स्त्रीचा वेळ सरासरी 299 मिनिटें, तर पुरुषाचा 97 मिनिटें होता. अठराव्या वर्षीं ज्याला भाकरी थापण्याचा कंटाळा आला, त्याच्या कंटाळ्याची किंमत कोण देतें, तें या आंकड्यांवरून दिसतें.

मोठेपणीं शिकूं लागलेल्या माणसाची फजिती ठरलेलीच असते. तिचें एक प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत स्वतःच सांगितलें आहे. दक्षिण आफ्रिकेंत वकिली करीत असतां धोब्याचा खर्च वाढला, म्हणून त्यांनीं धुलाईवरचें एक पुस्तक आणून ती कला अभ्यासिली आणि कस्तुरबांनाहि शिकविली. पहिली कॉलर त्यांनीं स्वतः खळ देऊन इस्त्री केली, तेव्हां खळ झाली जास्त, इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती, आणि कापड जळेल या भीतीनें ती नीट दाबलीहि गेली नाहीं. कोर्टांत कॉलरींतून खळ गळूं लागली व सहकारी वकील हंसले. गांधींनीं मात्र हें सोडलें नाहीं. 1912 सालीं नामदार गोखले तिकडे गेले, तेव्हां त्यांच्यापाशीं न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें एक उपरणें होतें. गोखले त्यास जिवापाड जपत. जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठीं त्यास इस्त्री हवी होती आणि वेळ थोडा होता. गांधींनीं ती करूं म्हटलें, तेव्हां तुमच्या वकिलीवर विश्वास आहे, धोबीपणावर नाहीं, अशा अर्थाचें उत्तर गोखल्यांनीं दिलें. अखेर इस्त्री उत्तम झाली. पहिल्या कॉलरीच्या आणि या उपरण्याच्या मध्यें वर्षांची सवय होती, हें विसरूं नये.

या अनुभवांस पुढें शिक्षणपद्धतीचें रूप वर्ध्यास आलें. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजीं गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें अभ्यासक्रम आंखला. 1938 सालीं हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें सेगांवांत, म्हणजे पुढच्या सेवाग्रामांत, शाळेचें काम हातीं घेतलें. नयी तालीम म्हटली कीं लोकांना टकळी आणि सूत तेवढें आठवतें. तिच्यांतील स्वयंपाकघर आणि सफाई यांचा विसर पडतो, तो पडूं नये. 1945 नंतर चौदा वर्षांपुढील मुलांसाठीं उत्तर बुनियादीचे वर्ग निघाले. तेथें राहणाऱ्या मुलांमुलींकडे भोजनाची, पाण्याची आणि सफाईची व्यवस्था पाळीपाळीनें सोंपविली जाई. किती माणसें जेवणार, धान्य किती काढावयाचें, भाजी बागेंतून काय मिळेल, खर्च किती झाला, हें त्यांनींच पाहावयाचें. डॉ. अभय बंग या शाळेचे विद्यार्थी. स्वस्त, चवदार आणि समतोल जेवण कसें द्यावें याचा शोध घेतां घेतां आपण आहारशास्त्र शिकलों, अशी आठवण त्यांनीं लिहिली आहे. ज्या समाजांत मैला उचलणें एका जातीच्या माथीं मारलेलें होतें, तेथें सर्व जातींच्या मुलांनीं आपला संडास आपण साफ करावा आणि मैल्याचें सोनखत करावें, हा धडा तर कोणत्याहि पुस्तकांत छापून शिकवितां आला नसता.

या पद्धतींतलें मर्म एवढेंच, कीं मुलास मदतनीस न करतां तेवढ्या वेळेपुरता घरचा कारभारी केलें. सामान्य घरांत याच्या उलट घडतें. कोथिंबीर निवड, ताटें मांड, दूध उतूं जाईल तिकडे बघ, अशीं तुटक कामें सांगितलीं जातात, तीं मूल करतें, आणि तरी त्यास स्वयंपाक येत नाहीं. कारण कोथिंबीर निवडणाऱ्यास ती कालच आणावयास हवी होती हें ठाऊक नसतें. एका साध्या जेवणाचा विचार आदल्या रात्रीं सुरू होतो: मटकी भिजत घालावयाची, पीठ उद्यां संपेल म्हणून दळण टाकावयाचें, सिलिंडर हलका लागत असेल तर दुसरा मागवावयाचा. सकाळीं वरण आधीं चढवून तें शिजेपर्यंत भाजी चिरावयाची, भाकरी शेवटीं. उरलेल्या वरणाचें रात्रीं काय करावयाचें, तेंहि तेव्हांच ठरतें. हा सारा हिशेब घरच्या बाईच्या डोक्यांत अखंड चालूं असतो आणि तो बाहेर दिसत नाहीं. मदतनीसास तर तो मुळींच दिसत नाहीं.

मुलींस घरकाम शिकविलें जातें, हा समजहि तपासून पाहण्यासारखा आहे. तिला पोळी लाटावयास शिकवितात. पण बाजाराची पिशवी आणि पैशांचें पाकीट तिच्या हातीं क्वचितच देतात. विजेचा फ्यूज उडाला किंवा नळाचा वायसर बदलावयाचा झाला तर भावास हांक मारतात. भावाला वायसर येतो, वरण येत नाहीं. दोघेंहि अर्धवटच राहतात.

दुसरी उणीव कारणें न सांगण्याची. आई जें करते तें तिला सवयीनें येतें, आणि सवय शब्दांत सांगणें कठीण. वस्तुतः स्वयंपाकघराइतकी चांगली प्रयोगशाळा शाळेंतहि नसते. विहिरीच्या वा बोअरच्या जड पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, कारण त्यांतील चुना आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतात. चिंचेच्या आंबटपणानेंहि डाळ शिजावयाची अडते. म्हणून चिंच मागाहून घालावयाची. सोडा टाकला तर डाळ मऊ होते, पण तिच्यांतील एक जीवनसत्त्व बरेंच नासतें. त्यापेक्षां डाळ तासभर भिजविणें बरें. कुकर लवकर शिजवितो, कारण दाबामुळें आंतील पाणी 100 ऐवजीं सुमारें 120 अंशांवर उकळतें. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो, तेव्हां नवशिका घाबरून आणखी घासतो. धुवून कडक उन्हांत टाकलें कीं तो डाग पुष्कळसा उडतो. दूध, अंडें आणि रक्त यांचे डाग मात्र आधीं थंड पाण्यानेंच धुवावे. गरम पाण्यानें ते कापडांत पक्के बसतात.

वर्ध्याच्या उन्हाळ्यांत भाताची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तांदुळांत असणाऱ्या एका जंतूचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत. भात झांकून कोमटच ठेवला तर तीं वाढतात आणि विष तयार करतात. तें विष भात पुन्हां गरम केल्यानेंहि जात नाहीं. म्हणून उरलेला भात पसरट ताटांत लवकर निववून तासा-दोन तासांत शीतकपाटांत ठेवावा. कपाट नसेल तर मोजकाच करावा. थंडीच्या दिवसांत रात्रीच्या भाताला सकाळीं फोडणी देणाऱ्या आजीचा दाखला मे महिन्यांत लावूं नये.

कांहीं गोष्टी तर प्राणावर बेतणाऱ्या आहेत. संडास धुण्याचें ॲसिड आणि ब्लीच हीं दोन्हीं एकत्र केल्यास क्लोरीन वायु सुटतो. लहानशा बंद न्हाणीघरांत तो घातक ठरतो. दोन औषधांनीं दुप्पट स्वच्छता होईल, या भाबड्या समजुतीनें असे अपघात होतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो, गळाला तर जमिनीलगत सांचतो. त्याचा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो याच सूचनेसाठीं. वास आला कीं रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, विजेचें बटण लावूं नये आणि चालूं असलेलें बंदहि करूं नये, बाहेर यावें आणि 1906 या क्रमांकास कळवावें. एकट्यानें खोली घेऊन राहणाऱ्यास हें पहिल्याच दिवशीं पाठ असलें पाहिजे.

अंदाज हा अनुभवी माणसाचा गुण आहे. नवशिक्यास तो सांगून कांहीं उपयोग नाहीं. चवीपुरतें मीठ म्हणजे किती, हें चव घेणाऱ्यालाच ठाऊक. कमलाबाई ओगले यांच्या 1970 सालच्या ‘रुचिरा’ला घरोघर जी मान्यता मिळाली, तींत वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांचा वांटा मोठा आहे. घरांतील मुलानें एखादा महिना आईच्या मुठींतलें तांदूळ वाटीनें मोजून वहींत लिहून ठेवले, तर त्यास घरचीच रुचिरा तयार मिळेल.

मग शिकवावें कसें? सोळा वर्षांच्या मुलास किंवा मुलीस आठवड्यांतला एक दिवस पूर्ण द्यावा. आदल्या दिवशींचा बाजार, पैसे, दोन वेळचें जेवण, भांडीं, धुणें आणि रात्रीं ओटा पुसणें, सारें त्याच्याकडे. वडील माणसांनीं त्या दिवशीं स्वयंपाकघराबाहेर राहावें, आणि हेंच सर्वांत अवघड आहे. भाजी खारट झाली तरी ती सर्वांनीं खावी. उठून दुसरी करूं नये. ज्या घरांत चूक तत्काळ दुसऱ्याच्या हातानें झांकली जाते, तेथें ती पुन्हां होते.

पवनारला विनोबांनीं 1959 सालीं ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलें. तेथील भगिनींनीं स्वयंपाक, झाडलोट, शेती आणि छापखाना हें सारें श्रमाचें काम आपसांत वांटून घेतलें. सेवाग्रामची शाळा मध्यंतरीं बंद पडली होती. 2005 पासून ती आनंद निकेतन या नांवानें पुन्हां चालूं झाली. शेती, सूत, स्वयंपाक आणि सफाई हीं तेथेंहि अभ्यासाचा भागच आहेत. वर्ध्याला जाणें झालें तर पालकांनीं ती अवश्य पाहावी.

घर सोडण्यापूर्वीं एक परीक्षा घरींच घेतां येईल. एक शेगडी, एक लहान कुकर, एक तवा, एक पातेलें, एक बादली आणि ठराविक रक्कम एवढ्यावर मुलानें वा मुलीनें आठ दिवस एका खोलींत काढावे. कपडे तेथेंच धुवावे आणि खर्च रोजच्या रोज लिहावा. पहिल्या दोन दिवसांचा आणि शेवटच्या दोन दिवसांचा खर्च शेजारीं शेजारीं मांडून पाहावा. या प्रयोगास मे महिना चांगला, कारण वर्ध्याच्या उन्हांत भाताविषयींची चूक संध्याकाळपर्यंत नाकालाच कळते.