खर्जाची पेटी आणि तिचे स्पीकर

बास गिटारच्या पेटीतले स्पीकर बदलणे हा विषय वसंत व्याख्यानमालेत कसा आला, असा प्रश्न पुष्कळांना पडला असेल. मी कामगार संघटनेचा माणूस, इंजिनियर नव्हे. पण मंडप, दिवे आणि ध्वनी यांची कामे करणारे लोक आमच्यात आहेत, ऑर्केस्ट्रात वाजवणारे वादकही येतात. वादकाची पेटी बंद पडली की त्याची त्या रात्रीची बिदागी बुडते. दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा स्पीकर बसवला आणि आठ दिवसांत तोही जळला, ही तक्रार इतक्यांदा कानावर आली की अखेर मी पुस्तके मिळवली, कारागिरांच्या शेजारी बसलो आणि हे प्रकरण समजून घेतले.

बास गिटार म्हणजे खर्जातली गिटार. तिला बहुधा चार तारा असतात. त्यांतली सर्वांत जाड तार सुटी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारची जाड तार ८२ वेळा. १९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे, लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून ‘प्रिसिजन बास’ बाहेर पडली आणि तिच्यापासून हे वाद्य जगभर पसरले. त्यापूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. त्याला स्वतःचे पोकळ पोट होते. ही नवी गिटार भरीव लाकडाची, विजेवाचून जवळजवळ मुकीच. तेव्हा तिचा निम्मा प्राण पेटीत असतो असे म्हटले तरी चालेल.

पेटीतला स्पीकर म्हणजे एक कागदी शंकू. शंकूच्या मानेला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि ते लोहचुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी राहते. अँप्लिफायरकडून उलटसुलट वाहणारी वीज आली की वेटोळे मागेपुढे हलते, शंकू हवेला ढकलतो आणि आवाज होतो. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की दिलेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होऊन बाहेर पडतो. बाकी सारी उष्णता होऊन त्या वेटोळ्यातच राहते. दुसरी ही की स्वर एक सप्तक खाली गेला आणि जोर तेवढाच हवा असला, तर शंकूला दुप्पट नव्हे, चौपट अंतर हलावे लागते. साध्या गिटारचा स्पीकर या पेटीत घातला तर तो का फाटतो, ते आता सांगावयास नको.

तेव्हा स्पीकर मरतो तो दोन तऱ्हांनी: वेटोळे जळून, नाहीतर शंकू मर्यादेबाहेर हलून. बोटे पसरून शंकू हलकेच, सरळ आत दाबावा. खरखर ऐकू आली तर वेटोळे फटीत घासते आहे. मीटर लावला असता ८ ओहमांचा निरोगी स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर बहुधा तार तुटलेली किंवा जळलेली.

आता मुख्य मुद्दा. दुकानात पहिला प्रश्न ‘किती इंच, किती वॉट?’ असा असतो. पहिला प्रश्न ‘किती ओहम?’ असा हवा. उदाहरण घेऊ. १९६९ साली अँपेग या अमेरिकन कंपनीने ‘एसव्हीटी’ नावाचा ३०० वॉटचा अँप्लिफायर काढला आणि त्याच्या जोडीला दहा इंची आठ स्पीकरांची उभी पेटी दिली. या घराण्याच्या पेट्या अजून रंगमंचावर दिसतात. आत प्रत्येकी ३२ ओहमांचे आठ स्पीकर समांतर जोडलेले असतात. ३२ भागिले ८, म्हणजे पेटी ४ ओहमांची. त्यांतला एक जळला आणि बाजारात सहज मिळणारा ८ ओहमांचा स्पीकर तेथे बसवला, तर काय होईल? समांतर जोडणीत ज्याचा रोध कमी, तो वीज अधिक ओढतो. हा नवा गडी प्रत्येक शेजाऱ्याच्या चौपट बोजा उचलू लागतो. आठ हमालांच्या टोळीत एकाच्याच डोक्यावर चार पोती द्यावीत, तसा हा प्रकार. तो जळणार हे उघड आहे. शिवाय पेटीचा एकूण रोध ३ ओहमांच्याही खाली येतो. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरला निदान ४ ओहम हवे असतील, तर तो तापून बंद पडेल किंवा जळेल. मग बिचारा वादक म्हणतो, स्पीकरच खराब निघाला!

चार स्पीकरांच्या पेटीत बहुधा दोन-दोनांच्या एकसर जोड्या करून त्या समांतर जोडतात. चारही ८ ओहमांचे असले तर पेटीही ८ ओहमांचीच राहते. म्हणून जुना स्पीकर काढण्याआधी जोडणीचे चित्र कागदावर काढावे, किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा.

वॉटचे आकडे हा जाहिरातवाल्यांचा प्रांत. ‘पीक’ म्हणून छापलेला मोठा आकडा क्षणभराचा असतो. सलग किती झेपते ते विचारावे. तोही आकडा मुख्यतः उष्णतेचा आहे. खर्जात वेटोळे तापण्याआधीच शंकूची हालचाल संपू शकते.

तिसरी गोष्ट पेटी. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि पुढे १९७० नंतर रिचर्ड स्मॉल यांनी, स्पीकर आणि पेटी यांचे नाते गणितात बसवले. स्पीकरच्या माहितीपत्रकात जे ‘थील-स्मॉल’ आकडे छापतात ते यांचेच. बंद पेटीतली हवा शंकूमागे स्प्रिंगसारखी उभी असते. भोक ठेवलेल्या पेटीत ते भोक एका ठरावीक स्वराच्या आसपास मदत करते. त्याहून खाली गेले की शंकूचा आधार सुटतो. एका पेटीत उत्तम वाजणारा स्पीकर दुसरीत पोकळ वाजेल. म्हणून त्याच बनावटीचा मिळाल्यास तोच घ्यावा, अथवा जुन्याच चौकटीत नवा शंकू आणि वेटोळे बसवून घ्यावे. आपल्याकडे हे काम करणारे चांगले कारागीर आहेत, आणि त्यांची मजुरी नव्या स्पीकरच्या किमतीपुढे बहुधा थोडी असते.

एक गोष्ट मात्र पुस्तकांत फारशी भेटत नाही. आठ स्पीकरांची ती पेटी ६० किलोंच्या पुढे भरते. ती जिन्यावरून चढवणाऱ्याच्या पाठीचा हिशेब कोणी मांडत नाही. १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले. तेवढ्याच ताकदीला ते जुन्या फेराइटहून पुष्कळ हलके. सगळेच स्पीकर बदलावयाचे असतील आणि ओहम व पेटी जुळत असतील, तर चार पैसे जास्त देऊन हे घेणे मला रास्त वाटते.

बसवताना अँप्लिफायर बंद करून तार काढावी. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर पेटी जोडल्यावाचून तो कधीही वाजवू नये. नव्या स्पीकरची धन बाजू दीड व्होल्टच्या सेलने तपासावी: सेलचे धन टोक धनाला टेकवताच शंकू बाहेर यावयास हवा. (जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत नेमके उलटे होते.) एकाचीच जोडणी उलटी झाली, तर शेजारी हवा ढकलीत असता हा ओढू लागतो आणि खर्ज नाहीसा होतो. डाख लावलेली तार शंकूला टेकू देऊ नये. कडेची पट्टी फाटली असल्यास नवी घालावी. बंद पेटीला बारीकशी फटही चालत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत, नाहीतर चौकट वाकते आणि वेटोळे घासू लागते. मग जाड तार हळू आवाजात छेडून कडेने हात फिरवावा. कोठे वारा लागला, तर तेथे फट आहे. चार-सहा कार्यक्रम झाले की स्क्रू पुन्हा एकदा तपासावेत. नवी पट्टी दबते आणि ते सैल पडतात.